घामाईला पाणी

तळेटोल्याचा भोंगा वाजायचा बंद झाला, तेव्हा गावाचा पहिला संशय सरकारवर गेला. ते साहजिकच होतं. सरकार लांब असतं, आणि लांबच्या माणसावर संशय घेतला तर तो संध्याकाळी आपल्या ओट्यावर येऊन जाब विचारत नाही. दुसरा संशय मशीन बनवणाऱ्यांवर गेला. तिसरा रेवता टेंभुर्णेवर, कारण मशीनची देखभाल तिच्याकडे होती. आणि रेवताचा संशय तिच्या नवऱ्यावर, मोरेश्वरवर गेला. तो मात्र रोज संध्याकाळी ओट्यावरच असायचा.

मशीन म्हणजे काय, तर तलावाच्या पाळीवर खांबाला ठोकलेली एक पांढरी पेटी. पेटीला जाळीचं दार, दाराला कडी. आत तळहाताएवढी कातडी.

माणसाची नव्हे, पण बघणाऱ्याला पटकन तसं वाटायचं नाही. गव्हाळ, किंचित सुरकुतलेली, आणि दिवसभर घामेजलेली. सरकारी कागदांत तिचं नाव 'मानक त्वचा' होतं. गावातल्या बायांनी पहिल्या आठवड्यातच तिला 'घामाई' करून टाकलं, आणि दुसऱ्या आठवड्यात पेटीला हळदकुंकू लागलं.

ही कातडी गावात आली नव्या सरकारबरोबर. आधीच्या सरकारांकडेही हवामानाची धोरणं होती, नाही असं नाही. पण त्यांतली वचनं पुढच्या पिढीतल्या तारखांची होती, आणि इतक्या लांबच्या तारखेवर रागावता येत नाही. नवं सरकार निवडून आलं ते एकाच गोष्टीवर: उन्हाळ्यात माणसं मरतात, ती आधी मोजू, मग पुढचं बोलू.

मोजायचं कशानं, हा प्रश्न होता. माणसाचं शरीर म्हणजे सतत पेटलेली चूल. काम करताना ती भडकते. ती धग बाहेर काढायचा खात्रीचा रस्ता एकच, घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता सोबत घेऊन जातो. हवेत आधीच इतका ओलावा असेल की तिच्यात आणखी पाणी मावतच नाही, तर घाम नुसता निथळतो आणि फुकट जातो. म्हणून कोरडे चव्वेचाळीस अंश माणूस सावलीला बसून काढतो, आणि तलावाकाठी, भोवती उन्हाळी धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असताना, अडतीस अंश त्याला उभ्या उभ्या पाडतात. भिंतीवरच्या तापमापकाला हा फरक कळत नाही. त्याला घाम येत नाही.

कातडीला यायचा. एका प्रयोगशाळेने ती तशी घडवली होती. खालून तिला ऊब मिळायची, घमेलं उचलणाऱ्या बाईच्या अंगात जेवढी पैदा होते तेवढीच. बाजूच्या नळीतलं पाणी तिच्या बारीक छिद्रांतून पाझरायचं. घाम वाळला की कातडी गार. नाही वाळला की तापायची. दहा मिनिटं ती ठरावीक रेषेच्या वर राहिली की भोंगा वाजायचा, आणि कायद्याने आजूबाजूचं उघड्यावरचं सगळं काम थांबायचं. उरलेल्या दिवसाची मजुरी दिल्लीच्या तापनिधीतून यायची, आणि तापनिधीचा कर भरायचा कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांनी. जितके भोंगे जास्त, तितका कर जास्त. एवढ्या मोठ्या देशाचं अख्खं धोरण चाळीस हजार गावांतल्या या तळहाताएवढ्या कातड्यांना टांगलेलं होतं.

आता भोंगा वाजू नये असं वाटणारे लोक किती असतील, हे बोटांवर मोजून संपणारं नव्हतं. संशयाला देशभर चरायला मोकळं रान होतं.

तळेटोल्यात पहिल्या उन्हाळ्यात भोंगा एकतीस वेळा वाजला. दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाख निम्मा सरला तरी, चार वेळा.

*

कौतिका पडली ती मंगळवारी, पावणेबारा वाजता.

तलावातला गाळ काढायचं काम चालू होतं. तेही नव्या धोरणातलंच. जुने तलाव खोल करा, पाणी साठवा. चाळीसेक माणसं, त्यांत तेरा बाया. कामावरचा मेट, म्हणजे मुकादम, मोरेश्वर, हजेरीचं रजिस्टर काखेत आणि गालात तंबाखूचा खर्रा. रेवता गावाची उष्मासखी. सकाळी सातला पेटीची नळी भरायची, कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, वहीत सही करायची आणि दुपारी एकदा दिवा बघून जायचं. त्या दिवशी दिवा हिरवा होता.

कौतिका तिची मैत्रीण, तेवीस वर्षांची. म्हणजे मैत्री तेवीस वर्षांची, कौतिका पंचेचाळिशीची. दोघी एकाच मांडवात लग्न होऊन या गावात आल्या होत्या. घमेलं खाली ठेवून ती पाळीवर चढून आली आणि रेवताला म्हणाली, "वो रेवता, वरात आली का?"

"कोनाची वरात?"

"आपली," कौतिका म्हणाली. "वाजंत्री बंद काहून पडली?"

रेवताला आधी हसू आलं. मग तिने कौतिकाचा दंड धरला, तर तो तव्यासारखा तापलेला, आणि घामाने चिंब. पुढच्या क्षणाला कौतिका तिच्या अंगावर कोसळली. बायांनी लुगडी भिजवून तिच्यावर टाकली, कुणी रांजणच ओतला, आणि गाडीत घालून तिला भंडाऱ्याला नेलं.

वाचली. पण दवाखान्यात डॉक्टरांनी संगणकात तळेटोल्याचा मंगळवार बघितला आणि कागदावर 'उष्माघात' लिहायचं थांबले. यंत्राप्रमाणे मंगळवारी तळेटोल्यात धोक्याची उष्णता नव्हतीच. त्यांनी 'चक्कर' लिहिलं. चक्कर येणं हा सरकारच्या हिशेबी ज्याचा त्याचा खासगी मामला असतो.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पर्यावरणमंत्री बोलत होते. देशभरातले भोंगे अडतीस टक्क्यांनी घटले आहेत, हे धोरणाचं यश आहे, आता तापनिधीचा कर थोडा हलका करायला हरकत नाही. विरोधी पक्षाचे लोक म्हणत होते, भोंगे घटले नाहीत, दाबले. चौकशी आयोग नेमला गेला होता. विदर्भातली दहा गावं त्यांनी निवडली, त्यांत तळेटोला होतं. सुनावणी सोमवारी.

कायद्याचं नववं कलम रेवताला पाठ होतं, कारण नेमणुकीच्या दिवशी तिने त्याखाली सही केली होती. यंत्राशी छेडछाड करणाऱ्याला सहा महिने कैद. गावाची योजना तीन वर्षं बंद.

*

मोरेश्वरवर संशय घ्यायला कारण होतं. गेल्या वर्षी भोंगा वाजला की सगळी माणसं सुटकेचा श्वास सोडायची आणि मोरेश्वरचा फोन वाजायचा. तालुक्याचे साहेब विचारायचे, गाळ किती निघाला. तो सांगायचा, भोंगा झाला साहेब. ते म्हणायचे, तुझ्याच गावात कसा रोज होते? एकदा फोन ठेवून तो रेवतासमोर म्हणाला होता, "हे कातडं एक दिवस पान्यात बुडवतो मी."

तेव्हा ती हसली होती. आता ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. कारण मोजायचं यंत्र फोडावं लागत नाही, हे तिला कधीच कळलेलं होतं. कातडीवर बाहेरून गार पाणी पडलं की ती निवते, आणि भोंग्याची दहा मिनिटं पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

बुधवारी संध्याकाळी तो ओट्यावर खर्रा घोटत बसला होता. रेवताने चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली.

"कौतिका कालपासून नुसतं पानी मागून राहिली म्हनते तिचा पोरगा."

"मागू दे ना. तहान लागते तापात."

"तुमी पेटीकडे जाता का दुपारी?"

त्याचा अंगठा तळहातावर थांबला. "काहून?"

"असंच विचारलं."

"असंच कोनी विचारत नाही," मोरेश्वर म्हणाला. "तुह्या पेटीची वही तुह्याकडे, किल्ली तुह्याकडे. मले काहून विचारते?"

"दाराले कुलूप कुठं आहे? नुसती कडी आहे. किल्ली नळीची आहे."

"तं मंग अख्ख्या गावाले विचार." त्याने चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. पंचवीस पावलं जाऊन परत आला, चहा प्यायला, आणि पुन्हा गेला. रेवताला वाटलं, हा माणूस चोर असेल तर फारच विसरभोळा चोर आहे. पण त्याने 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी तिने घरातल्या कपाटातून निळीची पुडी काढली. पांढऱ्या कपड्यांना लावायची साधी नीळ. कोरडी असताना ती कुणाच्या लक्षात येत नाही. ओला हात लागला की मात्र चार दिवस जात नाही. पेटीच्या कडीवर आणि दाराच्या आतल्या कडेला तिने चिमूट चिमूट भुरभुरवली. कोरड्या हाताने कुणी डोकावून बघितलं, तर त्याचं काही बिघडणार नव्हतं. ज्याचा हात पाण्याने भिजलेला असेल तोच रंगणार होता.

हे करताना तिला स्वतःची लाज वाटली. माणूस घरातला नसता तर इतकी वाटली नसती.

एक वाजता ती भाकरीच्या वेळेला कामावर गेली. बाया पळसाच्या सावलीत बसल्या होत्या. नेहमी तिथे इतका गलका असतो की तलावातले बगळे उडून जातात. आज सगळ्या गुपचूप जेवत होत्या. गिरजा नावाची तिची चुलतसासू, साठीची, खमकी, डाव्या हाताने भाकर मोडत होती.

"मावशी, उजव्या हाताले काय झालं?"

"काटा रुतला."

पलीकडे सगुणाने पदरात हात गुंडाळला होता. तिच्या शेजारच्या दोघी ओंजळ मिटून बसल्या होत्या. एक जण तर डब्यात तोंड घालून खात होती असं म्हटलं तरी चालेल. रेवता प्रत्येकीसमोर उभी राहिली. कुणी मान वर करेना. शेवटी गिरजामावशीने वैतागून उजवा हात पुढे केला. पाचही बोटं निळी.

"घे, पाहून घे. आता जेलात टाक."

मग एकेक हात बाहेर आला. बारा बाया, बारा निळे पंजे. कुणाची दोन बोटं, कुणाचा अख्खा तळवा. त्याही एकमेकींच्या हातांकडे बघत राहिल्या, कारण प्रत्येकीला वाटत होतं की हे आपण एकटीच करतो.

"वो सगुणा, तूही?"

"मले वाटलं, मीच..."

"काहून पन?" रेवताने विचारलं. "भोंगा वाजला तं तुमालेच सुट्टी भेटते ना?"

गिरजामावशी हात लुगड्याला पुसत म्हणाली, "आमाले कुठं माहीत होतं पान्यानं भोंगा थांबते म्हनून? तिकडून पान्याला जाते मी. दारातून दिसते ती. उन्हात एकटी. अंगभर घाम सुटलेला. आपन रांजनातून गटागटा प्यायचं अन् तिच्या अंगावर एक ओंजळ टाकायची नाही? दाराशी आलेल्या बैलाले तरी पानी दाखवतो आपन."

या गावात उन्हातून आलेल्याला, मग तो पोस्टमन असो की वसुलीवाला, आधी गुळाचा खडा आणि पाणी मिळतं आणि मग विचारतात, काय काम होतं. ज्यांनी कातडी घडवली त्यांनी तिला घाम दिला. त्या घामाकडे बघून कुणाला काय वाटेल, हे त्यांच्या आकडेमोडीत कुठेच नव्हतं.

आणि मग रेवताला आणखी एक गोष्ट आठवली. सकाळी सातला धूळ कोरड्या ब्रशने झाडायची असा नियम होता. ब्रश पहिल्याच महिन्यात झिजला होता. तेव्हापासून रोज, नळी भरून झाली की, ती स्वतः पदराचं टोक भिजवून ती कातडी टिपून घेत होती. तापकरी पोराचं कपाळ टिपतात तशी.

संध्याकाळी मोरेश्वर ओट्यावर आला. तिने चहा पुढे केला. कप घेताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं दिसली. टोकं निळी.

"हे काय?"

"पेनाची शाई."

"काहून घातलं पानी?"

"कायचं पानी?" मोरेश्वर म्हणाला, आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकून आला.

त्या रात्रीपासून घरात बोलणं मिठामसाल्यापुरतं उरलं. बारा बायांनी पाणी दयेपोटी घातलं होतं, हे रेवताला लख्ख दिसत होतं. पण तेच पाणी, तीच ओंजळ, तोच निळा रंग, आणि त्याच्यामागे साहेबांचा फोनही असू शकत होता. पाण्याने ते सांगितलं नसतं. मोरेश्वर सांगत नव्हता.

शनिवारी ती दवाखान्यात गेली आणि कौतिकाला सगळं सांगितलं. कौतिका उशीला टेकून बसली होती.

"मी तं सगळ्यात आधी सुरू केलं, वो," ती म्हणाली. "होळीपासून. मंगळवारीही घातलं होतं. दोन ओंजळी." मग हाताच्या सलाईनच्या सुईकडे बघत म्हणाली, "मीच तिचं तोंड दाबलं म्हन की."

*

आयोगाकडून आल्या डॉ. तरन्नुम काझी. नागपूरच्या, चाळिशीच्या, साधा सुती कुर्ता, पायात सँडल. समाजमंदिरात त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, कागद उडतात म्हणून, आणि सगळ्यांकडे बघून छान हसल्या. छान हसणाऱ्या अधिकाऱ्यांचा तळेटोल्याला अनुभव होता. सगळे सावध बसले. मोरेश्वर दारापाशी उभा, हात खिशात.

मॅडमनी लॅपटॉप रेवताकडे वळवला. पडद्यावर एक रेघ चढत चढत जात होती आणि मधेच खाली कोसळत होती. पुन्हा चढत होती, पुन्हा कोसळत होती. करवतीच्या दातांसारखी.

"ही तुमच्या गावाची दुपार. हवेमुळे तापमान असं पडत नाही. हे बाहेरून घातलेलं पाणी आहे. मला नावं लागतील, रेवताताई."

रेवता दोन दिवस खोटं पाठ करत होती. पाऊस शिंतडला, बगळे पाण्यातून उडून पेटीवर बसले, काहीही. ती उभी राहिली आणि तिने आपला हात टेबलावर ठेवला. तिचीही बोटं निळी होती. शुक्रवारी सकाळी तिने मुद्दाम, पदर भिजवून, कडी उघडली होती.

"पयलं नाव माह्यं लिवा," ती म्हणाली. "रोज सकाळी सातले. मंग गावातली हजेरी वाचा. सगळी."

मागून गिरजामावशी पुटपुटली, "माह्यं दुसरं."

मॅडम हसल्या नाहीत. "काय कारण लिहू?"

"तिले घाम येते."

त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "सगळ्यांनी दयेपोटीच घातलं, असं छातीवर हात ठेवून सांगाल? एखाद्याला भोंगा थांबवायचाही असेल."

रेवताला मागे वळून दाराकडे बघावंसं वाटलं. ती वळली नाही.

"नाही सांगत. पानी कोनत्या मनानं घातलं ते तुमच्या मशीनले कळते का?"

"नाही."

"मलेही नाही कळत. तेवीस वर्सं झाली एका घरात राहून."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि रेवताला थांबवलं. आता रेवता खरी घाबरली. अधिकारी एकटं गाठून बोलतात तेव्हा सहसा काहीतरी मागतात.

"ही कातडी मी बनवलीय," मॅडम म्हणाल्या. "मी आणि आणखी सहा जणांनी. असे दात मला नऊ हजार गावांत दिसले. ओडिशात, आसामात, केरळात. मला वाटलं कोळशावाल्यांनी माणसं पेरलीत. आयोगालाही तेच हवंय, म्हणजे कुणालातरी पकडता येईल. मग मी एक गोष्ट मोजली. लोक पहिली ओंजळ कधी टाकतात? सरासरीने, माझी कातडी धोक्याची रेषा ओलांडणार असते त्याच्या चाळीस मिनिटं आधी."

रेवताने आपल्या निळ्या बोटांकडे बघितलं.

"म्हणजे तिची अवस्था तुमच्या बायांना माझ्या यंत्राच्या चाळीस मिनिटं आधी कळते. कौतिकाबाईंच्या हातात तेवढा वेळ होता."

"मंग आता?"

"मी दोन मसुदे देणार आहे. एकात पेटीला लोखंडी जाळी, कुलूप, आणि कलम नऊ. दुसऱ्यात पहिली ओंजळ हाच भोंगा. कुणाला तरी तिची कीव आली, की काम बंद."

"सरकार कोनता घेईल?"

"ते मला माहीत नाही. मी कातडी बनवते, सरकार नाही." मॅडम पुन्हा छान हसल्या. या वेळी ते हसू रेवताला थकलेलं वाटलं, आणि म्हणून थोडंसं खरं.

*

सरकारने दोन्ही घेतले.

पुढच्या चैत्रात नवी पेटी आली. तिला लोखंडी जाळी आणि कुलूप. जाळीच्या खाली स्टीलची एक वाटी, वर पाटी: पाणी येथे घालावे. वाटीत पाणी पडलं की भोंगा वाजणार, काम थांबणार. कौतिकाच्या कागदावर मागच्या तारखेने 'उष्माघात' लिहून आलं, आणि कर हलका करायचं लांबणीवर पडलं. गावाने पेढे वाटले. मग रेवताने पेटीसोबत आलेलं रजिस्टर उघडलं. त्यात रकाने होते: पाणी घालणाऱ्याचे नाव. अंगठा. कारण. आणि तळाला बारीक अक्षरांत, निष्कारण पाणी घालणाऱ्याची चौकशी करण्यात येईल.

"कोन ठरवनार निष्कारन?" गिरजामावशीने विचारलं.

"दिल्ली."

"दिल्लीत घाम येते का?"

वैशाख चढला. तलावाकाठी हवा जागची हलेना. कातडी जाळीच्या आड घामेजून निथळत होती, आणि दोन आठवडे वाटी कोरडी होती. गेल्या वर्षी चोरून ओंजळ घालणाऱ्या त्याच बाया रांजणापाशी येत, पाणी पीत, घामाईकडे बघत आणि मान वळवून निघून जात. नाव लिहायचं म्हटल्यावर प्रत्येकीला वाटे, लोक म्हणतील हिला काम नको. प्रत्येक जण दुसरी कोण जाते ते बघत होती. दया तीच होती, फक्त आता तिच्यावर सगळ्यांची नजर होती. रेवताला स्वतःला घालायची मनाई होती. उष्मासखीने घातलं तर ते हिशेबात धरणार नाहीत, असं परिपत्रकच होतं.

त्या दिवशी साडेअकरा वाजले होते. कौतिका, यंदा हलक्या कामावर, पाळीवर बसून घमेली मोजत होती. मोजता मोजता ती थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. रेवता सगुणाकडे बघू लागली, सगुणा गिरजामावशीकडे, मावशी आपल्या पायांकडे.

तेवढ्यात मोरेश्वर उठला. हजेरीचं रजिस्टर त्याने एका दगडावर ठेवलं. रांजणात तांब्या बुडवून भरला, शांतपणे पेटीपाशी आला, आणि सगळं पाणी वाटीत ओतलं.

भोंगा वाजला. फावडी खाली पडली. लगेचच त्याच्या खिशातला फोनही वाजू लागला. तो त्याने काढला नाही.

"लिही माह्यं नाव," तो म्हणाला.

"मेट आहा तुमी," रेवता हळूच म्हणाली. "साहेब हजेरी काढून घेतील."

"लिही म्हनलं ना."

तिने नाव लिहिलं. त्याने अंगठा उठवला. त्याच्या बोटांवर आता फक्त खर्र्याचा पिवळा डाग होता. पलीकडे बाया कौतिकाला सावलीत नेत होत्या.

"कारन काय लिवू?" रेवताने विचारलं. तिला वर्षभर हाच प्रश्न विचारायचा होता.

मोरेश्वर तलावाकडे बघत होता. "रांजनातलं पानी कोमट झालं होतं," तो म्हणाला. "फेकायचंच होतं."

रांजण रेवताने स्वतः, तासाभरापूर्वी, विहिरीच्या पाण्याने भरला होता. ओलं फडकं गुंडाळलं होतं. तिने हात लांब करून रांजणाला लावला. गारेगार होता.

मग तिने पेन टेकवलं, आणि कारणाच्या रकान्यात, एकेक अक्षर सुटं आणि वळणदार काढत, लिहिलं: पाणी कोमट झाल्यामुळे. खाली उष्मासखी म्हणून सही केली.